ठासणीच्या बंदुकीला दर पावसाळ्यात त्याच जागी गंज चढतो : समस्या निवारण

ठासणीची बंदूक म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची जुनी बंदूक. आधी गंजाची लक्षणं सांगतो, म्हणजे हे तुमच्या कामाचं आहे की नाही ते लगेच कळेल.

नळीच्या तोंडाशी आणि कानाभोवती (बत्तीची आग ज्या भोकातून आत जाते तो कान) नारिंगी भुकटी दिसते. बाकीची नळी मात्र तपकिरी-काळी आणि गुळगुळीत असते. पुसून तेल लावलं की आठ-दहा दिवस बरं दिसतं, मग नेमक्या त्याच जागी डाग परत येतो. मे महिन्यात काही नसतं, आषाढात सुरुवात होते, श्रावण-भाद्रपदात जोर वाढतो. दमट सकाळी गंजाच्या बारीक खड्ड्यांतून घामासारखे पिवळसर-तपकिरी थेंब वर येतात. पितळी कड्यांखालून गंजाची रेघ ओघळते. घोड्याजवळचं लाकूड काळं पडत जातं. गजाला चिंधी बांधून आत फिरवली तर ती राखाडी-काळ्या चिखलाने माखून येते.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसत असतील तर दोष तेलाच्या कमतरतेचा नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत मी गेली वीसेक वर्षं हाच एक दोष दुरुस्त करतो आहे. पेशाने मी रसायनशास्त्राचा शिक्षक, आता निवृत्त. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली, तिचंच पुढे शहर झालं, म्हणून आमच्याकडे भिंतीवर एखादं जुनं हत्यार असणं नवलाचं नाही. तोड्याच्या (जळत्या वातीने पेटणाऱ्या), चकमकीच्या (गारेच्या ठिणगीने पेटणाऱ्या), टोपीच्या (स्फोटक भरलेल्या इवल्या धातूच्या टोपीवर घोडा आपटून पेटणाऱ्या) अशा तिन्ही तऱ्हांच्या बंदुका मी पाहिल्या. जवळजवळ प्रत्येक घरात दरवर्षी मनापासून तेल लावलेलं होतं, आणि गंज त्या तेलाखालीच वाढत होता. नळीत राहून गेलेल्या जळक्या दारूचे क्षार त्याला पोसतात. ते क्षार निघाल्याशिवाय वरून काहीही लावा, उपयोग होत नाही.

सगळ्यात आधी : बंदूक भरलेली आहे का?

ही तपासणी फुकट आहे आणि तिच्याआधी दुसरं काहीही करायचं नाही. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेटते. अमेरिकेत २००८ साली तिथल्या यादवी युद्धातला एक तोफगोळा साफ करताना त्याचा स्फोट होऊन एक अनुभवी संग्राहक दगावला. तो गोळा सुमारे १४० वर्षं जुना होता. आमच्या आत्याच्या घरी जिन्यावर टांगलेली टोपीची बंदूक भरलेली निघाली. तीन पिढ्या तिच्याखालून ये-जा करत होत्या आणि दिवाळीच्या सुट्टीत मुलं तिचा घोडा ओढून खेळत होती. ते आठवलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

तपासायचं असं. टोपीच्या बंदुकीच्या निपलवर (टोपी बसवायची पोकळ कांडी) टोपी बसलेली दिसली तर हात लावू नका. जुन्या टोपीतलं स्फोटक नुसत्या ठोक्याने उडतं, तेव्हा इथेच थांबायचं. टोपी नसेल तर बंदूक आडवी ठेवा, तोंड भिंतीकडे असू द्या, तुमचा चेहरा आणि तळहात तोंडासमोर येऊ देऊ नका. बारीक लाकडी काठी हलकेच बुडापर्यंत सरकवा. ठोकायचं नाही, दाबायचं नाही. तोंडापाशी काठीवर खूण करा, काठी बाहेर काढा आणि ती खूण तोंडाशी जुळवून काठी नळीच्या बाहेरून धरा. काठीचं टोक कानाच्या किंवा निपलच्या जवळपास यायला हवं. दोन बोटांहून जास्त अलीकडे थांबलं तर आत काहीतरी आहे. ते कुंभारमाशीचं घर असेल, जुनी चिंधी असेल किंवा ठासलेली दारू आणि गोळी असेल. काही देशी बंदुकांत बुडाची कोठी (दारू राहते ती जागा) नळीपेक्षा अरुंद असते, तिथेही काठी अलीकडेच अडकते. तुम्हाला फरक कळणार नाही, म्हणून बंदूक भरलेलीच आहे असं धरून चाला. टोकरणं, तापवणं, आत स्क्रू फिरवणं, यातलं काहीही करू नका. कुठे जायचं ते शेवटी लिहिलं आहे.

काठी बुडापर्यंत गेली तरच पुढे वाचा.

पांढरी चिंधी

जुन्या सुती धोतराचा तुकडा घ्या आणि कोरडाच गंजावर फिरवा. चिंधी स्वच्छ राहिली, फार तर किंचित तपकिरी झाली, तर तो बसलेला जुना थर आहे. तो लोखंडाचं रक्षण करतो, त्याला घासू नका. चिंधीवर नारिंगी भुकटी आली तर गंज जिवंत आहे. शंका राहिली तर बंदुकीखाली पांढरा कागद अंथरून आठवडाभर तसाच ठेवा. कागदावर कण पडले की उत्तर मिळालं. हे आधी करायचं कारण असं की निम्म्या घरांत लोक निरोगी थरच खरवडून काढतात आणि उघड्या पडलेल्या लोखंडावर नवा गंज बोलावतात.

खंडेनवमी

याविषयी मी जरा सविस्तर लिहितो, कारण हे आपल्याच घरात घडतं आणि ते बोलायला कोणी धजत नाही.

पूजेच्या आदल्या दिवशी पितळी कड्या, चाप-कडं, दस्त्यावरची फुलं चिंचेने लखलखीत करतात. ते आंबट पाणी कडीखाली शिरतं, तिथे लोखंडाला चिकटून बसतं आणि पुसायला जागा नसते. कडीखालून ओघळणारी गंजाची रेघ दिवाळीनंतर दिसते, म्हणून तिचा संबंध चिंचेशी कोणी जोडत नाही. मग पूजेत ओलं हळद-कुंकू थेट नळीवर लागतं. पारंपरिक कुंकवात लिंबाचा रस आणि तुरटी असते, म्हणजे पुन्हा आम्ल. वर झेंडूची ओली माळ दसरा उलटेपर्यंत पडून राहते. आणि त्या दोन दिवसांत घरातला प्रत्येक जण बंदूक हातात घेतो. घामातलं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं, आणि नळीवर बोटांचे ठसे गंजाच्या रूपात उमटतात. एका घरी तर मधलं बोट नि अंगठा ओळखू येत होते.

पूजा बंद करा असं मी कोणालाही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. माझ्या घरी आम्ही पाटावर विड्याचं पान ठेवतो, हळद-कुंकू आणि अक्षता त्या पानावर वाहतो, फूल दस्त्याशेजारी ठेवतो. बंदूक हातमोजे घालून उतरवतो आणि तसेच परत टांगतो. आईला पहिल्या वर्षी वाईट वाटलं. दुसऱ्या वर्षी पान तिनेच मांडलं. पितळ पुसायला कोरडी मऊ चिंधी पुरते, ते थोडं काळसर राहिलं तर राहू द्या.

भिंत, पेटी, म्यान

लष्करातल्या जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती पावसाळ्यात पाणी पितात. नळी भिंतीला टेकलेली असेल तर मागच्या बाजूला गंज जास्त दिसेल. लाकडी खुंट्यांवर भिंतीपासून चार बोटं पुढे टांगा. तोंड थोडं खाली असू द्या, म्हणजे आतला ओलावा किंवा जास्तीचं तेल कानाकडे आणि लाकडाकडे उतरणार नाही. चामड्याच्या किंवा लोकरीच्या म्यानात बंदूक कायमची ठेवू नका. चामडं कमावलेलं असतं, त्यात आम्ल असतं, आणि लोकर ओल धरून ठेवते. पौष-माघातल्या दाट धुक्यातही हीच काळजी घ्यावी. गार पडलेल्या लोखंडावर गरम खोलीतली वाफ लगेच बसते.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं बहुधा ठाण्यात जमा करावी लागतात आणि काही महिने मालखान्यात राहतात. जमा करण्याआधी नळीला मेणाचा हात द्या, परत आल्यावर लगेच पांढरी चिंधी फिरवा.

तेल कोणतं?

आमच्या भागात घरोघरी मोहरीचं तेल, म्हणून बंदुकीलाही तेच. हे थांबवा. मोहरी, खोबरेल, जवस, कोणतंही वनस्पती तेल हवेत खवट होतं, त्यात आम्लं तयार होतात, ते चिकट होऊन धूळ धरतं आणि त्या चिकट थराखाली ओल अडकते. शिवणयंत्राचं पातळ खनिज तेल पुरेसं आहे. बाहेरून पातळ मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावलं तर आणखी बरं, कारण ते हाताला लागत नाही आणि धूळ धरत नाही. जुनं चिकट तेल आधी रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या चिंधीने काढा. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास चूल किंवा दिवा नको.

इथपर्यंतचा खर्च फारसा नाही. गंज फक्त बाहेरून होता तर तो इथेच थांबतो. तोंडाशी आणि कानाशी परत आला, तर मूळ आत आहे.

नळीतला मळ, म्हणजे खरं दुखणं

काळी दारू म्हणजे शोरा, कोळसा आणि गंधक. ती जळल्यावर निम्म्याहून जास्त वजन घनरूपात मागे राहतं, त्याचाच तो दाट पांढरा धूर आणि नळीतला मळ. या मळात पोटॅशियम कार्बोनेट, पोटॅशियम सल्फेट आणि सल्फाइड असतं. पोटॅशियम कार्बोनेट हवेतली आर्द्रता ४३ टक्क्यांच्या वर गेली की ओलं होतं. आता ग्वाल्हेरचं हवामान आठवा. मे महिन्याच्या दुपारी हवा इतकी कोरडी की हा मळ दगडासारखा पडून असतो. पहिला पाऊस झाला की तो पाणी ओढतो, आणि दसऱ्यापर्यंत नळीच्या आत ओला लेप बसलेला असतो. गंज त्याच ऋतूत, त्याच जागी का येतो, त्याचं उत्तर हे आहे. शंभर वर्षांपूर्वीचा बार असला तरी क्षार तिथेच आहेत. ते उडून जात नाहीत आणि तेलात विरघळत नाहीत. विरघळतात फक्त पाण्यात.

टोपीच्या बंदुकीत आणखी एक भर पडते. जुन्या टोप्यांच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. त्याचं जळून पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ. निपलभोवती खोल खड्डे आणि घामासारखे थेंब दिसतात ते त्यामुळेच.

माझा भाचा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतो. तिथे नाताळानंतर चकमकीच्या बंदुकांसाठी शिकारीचा वेगळा हंगाम असतो, आणि त्याच्याकडे नवी बनवलेली जुन्या धाटणीची बंदूक आहे. त्याचीही तक्रार हीच होती, फक्त त्याला गंज दोन दिवसांत दिसायचा. तो खऱ्या काळ्या दारूऐवजी तिकडे मिळणारे पर्याय वापरत होता. या पर्यायांचा मळ सारखा नसतो, म्हणून थोडी तुलना करतो.

खरी काळी दारू सगळ्यात सहज पेटते आणि तिचा मळ साध्या पाण्याने निघतो. ओल्या चिंधीला कुजक्या अंड्यांचा वास येतो तो सल्फाइडचा. वास येतोय म्हणजे अजून धुवायचं आहे. पायरोडेक्स १९७० च्या दशकात आलं. त्यात पोटॅशियम पर्क्लोरेट आहे, म्हणून मळात क्लोराइड येतं आणि गंज जास्त वेगाने खड्डे पाडतो. शिवाय ते सावकाश पेटतं. चकमकीच्या ठिणगीवर भरवशाने बार होत नाही, रंजकाला (कानापाशी घालायची चिमूटभर दारू) खरी काळी दारूच लागते. ट्रिपल सेव्हनमध्ये गंधक नाही. वास येत नाही, म्हणून लोकांना नळी स्वच्छ आहे असं वाटतं, आणि इथेच फसायला होतं. मळ आहेच, तो पाण्याने निघतो, पण बुडाजवळ कडक कडं धरतो. ते त्याच दिवशी भिजवून काढावं लागतं. ही दारू मापाला मापाने जास्त जोरकस असल्याने तिचे उत्पादकच मात्रा १५ टक्के कमी घ्यायला सांगतात. ब्लॅकहॉर्न २०९ वेगळ्याच जातीची, नायट्रोसेल्युलोजवर आधारलेली. तिचा मळ पाणी ओढत नाही आणि पाण्याने निघतही नाही, त्याला सॉल्व्हंट लागतो. तिला आधुनिक २०९ प्रायमर (बार पेटवणारी नव्या धाटणीची टोपी) हवा, चकमकीच्या किंवा जुन्या बंदुकीत तिला जागा नाही. हे पर्याय मापाने मोजायचे असतात, वजनाने नाही. आणि बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही नाही. नळी फुटते आणि डावा हात जातो.

माझं मत विचाराल तर, नव्या चकमकीच्या बंदुकीला खरी काळी दारू आणि त्याच संध्याकाळी धुणं, यापेक्षा चांगली जोडी नाही. भाच्याने तेच केलं, दोन हंगाम झाले, नळी कोरडी आहे. आपल्याकडच्या जुन्या बंदुकांनी मात्र बार काढायचाच नाही, परवाना असला तरी. आतल्या भेगा बाहेरून दिसत नाहीत.

आता धुणं. नळी दस्त्यापासून सहज सुटत असेल तरच पाणी ओतायचं. बऱ्याच देशी बंदुकांत नळी पितळी कड्यांनी किंवा चामडी वादीने बांधलेली असते. ती सोडवायला जोर लागत असेल तर सोडवू नका, ओलसर चिंधीनेच काम करा. पाणी डिस्टिल्ड घ्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी कुठल्याही दुकानात मिळतं. बोअरचं पाणी नको, त्यात स्वतःचेच क्षार असतात.

पहिला हात कोमट पाण्याचा, मळ भिजायला पंधरा मिनिटं. मग गजाला चिंधी बांधून आत-बाहेर. मग स्वच्छ पाणी, पुन्हा चिंधी. चिंधी पांढरी येईपर्यंत हेच. माझ्या एका बंदुकीला अकरा वेळा लागलं. शेवटचं पाणी उकळतं घ्या, म्हणजे नळी तापेल आणि ओल स्वतःच उडून जाईल. नळी तापते, म्हणून जाड फडक्यात धरा. लगेच कोरड्या चिंध्या, आणि नळी कोमट असतानाच पातळ तेल. इथे घाई हवी, कारण उघडं ओलं लोखंड काही मिनिटांत पिवळसर होतं.

लोखंडाला पाणी लावायचं म्हटलं की घरातली मोठी माणसं चिडतात. त्यांना चिखलाने माखलेली पहिली चिंधी दाखवा.

पॉलिश पेपर, लिंबू, बाजारातलं गंज काढायचं आम्ल, यातलं काहीही नको. नळीवर कोफ्तगरीचं सोनेरी काम असेल किंवा पोलादाचा जौहर (पोलादातलीच लाटांसारखी नक्षी) दिसत असेल तर पितळी ब्रशसुद्धा नको. सोन्याचा तो पत्रा केसाहून पातळ असतो. तिथे बांबूची कामटी आणि धीर.

आठ दिवसांनी चिंधी फिरवा. मग महिन्याने. मग पहिल्या पावसानंतर.

कान, निपल, घोडा

नळी धुतल्यावरही कानापाशी गंज येत असेल तर मळ कानाच्या बोळातच आहे. कामटीचं टोक ओलं करून फिरवा, तार घालून कान मोठा करू नका. निपल मात्र जुनी असेल तर फिरवायला जाऊ नका. तिचे आटे गंजून एकजीव झालेले असतात आणि ती मानेतून तुटते. घोड्याची यंत्रणा बहुधा दोन स्क्रूंवर असते. ते सहज सुटले तर काढून आतला मळ पुसा. स्क्रूच्या खाचेत रुंदीला बरोबर बसेल असाच पेचकस घ्या. पहिल्या प्रयत्नात हलला नाही तर सोडून द्या.

इथे थांबा

काठी अलीकडे थांबली, किंवा निपलवर टोपी आहे : बंदूक हलवू नका, खोली बंद करा, जवळच्या ठाण्याला कळवा. भरलेली बंदूक रिक्षात घालून कुठेही नेऊ नका. आत्याकडे आम्ही ठाण्यालाच कळवलं.

बुडाचा पेच काढायची वेळ आली : तो घरी कधीही काढू नका. बंदूक चालू स्थितीतली असेल तर शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो, म्हणून परवानाधारक शस्त्र दुरुस्तीकाराकडेच जा. कोपऱ्यावरच्या लेथवाल्याकडे देणं गुन्हा आहे आणि धोक्याचंही.

कागदच नाहीत, किंवा परवाना वारलेल्या आजोबांच्या नावावर आहे : गंजाचं नंतर बघू, आधी हे. त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे असं हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने अर्ज करायचा असतो. 'जुनं आहे, चालतं' हे पुरत नाही. कलम ४५ मधली सूट दुरुस्त करूनही वापरता येणार नाही अशा हत्याराला आहे, आणि ते ठरवणं आपल्या हातात नाही.

धुऊन, वाळवून, मेण लावूनही पुढच्या पावसाळ्यात थेंब वर आले : क्लोराइड खड्ड्यांच्या तळाशी गेलं आहे. ते घरच्या पाण्याने निघत नाही, अल्कधर्मी द्रावणात महिनोन्महिने भिजवावं लागतं. कोफ्तगरी सुटायला लागली असेल, लाकडाला कीड असेल, नळीला उभी भेग दिसत असेल तरीही हेच. हे संग्रहालयातल्या संवर्धकाचं काम. लखनौला राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा आहे, इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेचीही संवर्धन केंद्रं आहेत. आधी फोटो पाठवून विचारा. बंदूक नेण्यापूर्वी कागदपत्रं बरोबर आहेत ना, ते पाहून घ्या.

फोटोंबरोबर एक कागद जोडा. काठीचं माप, पांढऱ्या चिंधीचा फोटो तारखेसह, आतापर्यंत कोणतं तेल लावलं, पाणी कधी लावलं, गंज पहिल्यांदा कोणत्या महिन्यात आणि कुठे दिसला, हे सगळं लिहा. आणि चिंचेचंही लिहा. ते लिहायला लोक लाजतात आणि संवर्धकाचा महिना त्याचं कारण शोधण्यात जातो.